पंधरा कौलं
(दृश्य: खानापूर परिसर, भट्टीबाहेरचं अंगण)

पंधरा कौलं मांडायला सांगितली. गड्यानं पाचाच्या तीन रांगा लावल्या. सतरा सांगितल्यावर मात्र म्हणाला, "न्हाई बसत बघा, एखादं उरतंयच."

शाळेत याला अवयव पाडणं म्हणतात. संख्या ६१७ अंकी असली की हेच काम इतकं अवघड होतं, की त्याचंच कुलूप बनतं. त्याचं नाव आरएसए २०४८. जमिनीच्या उताऱ्यावरची डिजिटल सही असो की बँकेचा व्यवहार, असली कुलुपं जागोजागी आहेत.

१९९४ साली गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवलं, की अणू-कणांच्या नियमांवर चालणारा क्वांटम संगणक ते उघडू शकेल. युक्ती फळ्यावर बघा. दोनाला दोनानं गुणत चला, दरवेळी पंधरानं भागून बाकी लिहा. २, ४, ८, १. परत २, ४, ८, १. चार पावलांचा फेरा. निम्म्यावर आहे ४. त्याच्या अलीकडं ३, पलीकडं ५. पडले अवयव! संख्या मोठी झाली की हा फेरा अफाट लांबतो, आणि तो हुडकणं एवढंच क्वांटम यंत्राचं काम.

२००१ मध्ये आयबीएम आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात क्यूबिटांवर (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा माहिती धरणारा सर्वांत लहान घटक) १५ फोडला. २०१२ मध्ये २१. २०१९ मध्ये ३५ चा प्रयत्न झाला, तो चुकांनीच खाल्ला. त्यातही १५ आणि २१ च्या वेळी, उत्तर आधीच ठाऊक असल्यामुळं, सर्किट हवं तसं छाटून घेतलं होतं. पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून वरच्या पायऱ्या लिहायच्या, तसंच. मीही लिहिल्यात.

क्यूबिट फार नाजूक. गणित पुरं व्हायच्या आत बिघडतो. म्हणून एका भरवशाच्या क्यूबिटामागं शेकडो राखणीला ठेवावे लागतात. २०१९ चा अंदाज होता: आरएसए २०४८ साठी दोन कोटी क्यूबिट, आठ तास. आयबीएमच्या २०२३ च्या काँडोर चिपवर होते ११२१. इकडं साध्या संगणकांनी २०२० मध्येच २५० अंकी आरएसए संख्या फोडून ठेवली.

तरी निर्धास्त राहू नका. २०२५ मध्ये गूगलचे संशोधक क्रेग गिडनी यांनी तोच अंदाज दहा लाख क्यूबिटांच्या आत आणला, वेळ आठवड्याहून कमी. यंत्र तेवढं वाढलं नाही, हिशेब सुधारला. मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं २०२४ मध्येच क्वांटम यंत्राला दाद न देण्यासाठी बनवलेल्या नव्या कुलुपांची मानकं जाहीर केलीत.

(दृश्य: परत अंगण)

गड्याला आता एकवीस कौलं दिली. चहा यायच्या आत सातच्या तीन रांगा लागल्या.