सहा फूट नऊ इंच: पैलवानाच्या पोराचे बर्फावरचे 24 हंगाम

(दृश्य: लातूरजवळची एक तालीम, पहाटेची वेळ. पोरं हौद्यातली माती खणून मऊ करताहेत.)

निवेदन:
लातूर, बीड, धाराशिवकडं पैलवानाच्या पोराला तू मोठेपणी काय होणार असं फारसं कुणी विचारत नाही. त्याचा लंगोट आधीच शिवलेला असतो. पाटोद्याचा राहुल आवारे अशाच घरातला. वडील पैलवान. पुढं तो पुण्यात घडला, आधी हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली, मग काका पवारांकडं. दोन्ही वस्ताद मूळचे लातूर जिल्ह्याचे. राहुलनं 2018 ला राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं, 2019 ला जागतिक स्पर्धेचं कांस्य. ही गोष्ट आपल्याकडं पाठ आहे.

आजची गोष्ट दुसऱ्या एका पैलवानाच्या पोराची. त्याचे वडील ग्रीको-रोमन कुस्ती खेळायचे, म्हणजे काका पवारांचाच प्रकार. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकला ते चेकोस्लोव्हाकियाकडून उतरले होते. पुढच्याच वर्षी, 18 मार्च 1977 ला, आजच्या स्लोव्हाकियातल्या त्रेन्चिन गावात मुलगा झाला. झ्देनो खारा. कसरतीची सवय बापानं लावली, पण पोरगं हौद्यात उतरलं नाही. ते आइस हॉकीकडं गेलं.

(दृश्य: रिंकचं वरून चित्रण. पांढरा बर्फ, निळ्या आणि लाल रेषा.)

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात बर्फाच्या मैदानाचं कौतुक सांगायचं म्हणजे जरा चेष्टाच. तरी खेळ समजून घ्या, अवघड नाही. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल लीगचं मैदान 200 फूट लांब, 85 फूट रुंद. एका संघाचे सहा जण बर्फावर: तीन चढाईला, दोन बचावाला, एक गोलरक्षक. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, 3 इंच रुंद, 1 इंच जाड, वजन साधारण 170 ग्रॅम. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. खेळाडू पाऊण मिनिटभर जीव तोडून पळतात की बाकावर, आणि दुसरी जोडी आत.

यातला बचावपटू नीट बघा.

(दृश्य: संथ गती. एक खेळाडू उलटा सरकतोय, समोरून दुसरा भरधाव येतोय.)

समोरचा तोंड पुढं करून येतोय. हा त्याच वेगात, पाठ आपल्या गोलकडं ठेवून, मागं सरकतोय. नजर चकतीवर गेली की फसला, कारण चकती डावी-उजवी नाचवून चकवता येते. छाती चकवता येत नाही. म्हणून नजर छातीवर. दोघांमध्ये अंतर साधारण एका स्टिकचं. जास्त सुटलं तर तो तिथूनच फटका मारणार, कमी झालं तर बगलेतून निसटणार. त्याला हळूहळू मधून कडेला, भिंतीकडं ढकलत न्यायचं आणि तिथं अंगानं दाबायचं. कबड्डीतला कोपऱ्याचा गडी आठवा. चढाईवाला टाळ्या घेतो, कोपरा घोट्याची वाट बघत वाकून उभा असतो.

हे काम अंगात मुरायला वर्षं लागतात. चढाईचा पोरगा 18-19 व्या वर्षी चमकून जातो. बचावपटूची चूक मात्र थेट गोलात जाते, म्हणून त्याला प्रशिक्षक जपून उतरवतात.

झ्देनोची अडचण त्याच्याही आधीची होती. पोरगं वाढायचं थांबेना. एवढा लांबलचक मुलगा स्केटवर काय वळणार, त्यानं बास्केटबॉल खेळावं, असं त्याला सरळ तोंडावर सांगितलं गेलं. त्यानं गाव सोडलं, प्राग गाठलं.

(दृश्य: नकाशा. त्रेन्चिन, प्राग, मग अटलांटिकपलीकडं.)

एनएचएलचे संघ नवी पोरं पाळीपाळीनं निवडून घेतात. 1996 च्या या निवडीत त्याचं नाव तिसऱ्या फेरीत आलं, 56 वं. न्यूयॉर्क आयलंडर्सनं घेतलं. घेतलं म्हणजे लगेच खेळवलं असं नव्हे. पहिलं वर्ष कॅनडातल्या प्रिन्स जॉर्ज गावात, ज्युनियर लीगमध्ये. त्यानंतर केंटकीच्या संघात, एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये. 1997 च्या नोव्हेंबरात वरच्या संघात पहिला सामना, तरी खाली-वर येणं-जाणं चालूच. आपल्याकडं तालुक्याच्या फडात दोन कुस्त्या हरलेल्या पोराला घरी बसवतात. तिथं निदान पायऱ्या बांधलेल्या आहेत, आणि मला त्या खेळातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच वाटते.

2001 मध्ये आयलंडर्सनं त्याला ओटावाच्या संघाला देऊन टाकलं. बदल्यात आला ॲलेक्सी याशिन, तेव्हाचा मोठा गोल करणारा. झ्देनोसोबत आणखी एक खेळाडू आणि त्या वर्षीच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू उचलायचा हक्कही ओटावाला गेला. याशिनला आयलंडर्सनं दहा वर्षांचा करार दिला आणि 2007 ला पैसे मोजून तो मोडला. इकडं झ्देनो ओटावात लीगमधल्या पहिल्या फळीचा बचावपटू झाला होता.

2006 ला बॉस्टन ब्रुइन्स. पाच वर्षांचे 3 कोटी 75 लाख डॉलर, आणि कर्णधारपद. तिथं त्यानं एक गोष्ट केली. संघात नव्या आलेल्या पोरांना ‘रुकी’, म्हणजे नवखा, म्हणायचं नाही. सगळे सारखे. आपल्या तालमीत धाकट्यानं थोरल्याचे पाय दाबायचे, ही रीत. पैलवानाच्या घरातून आलेल्या माणसानं ती मोडावी, याचं मला नवल वाटतं.

(दृश्य: 2009 ते 2012 मधील सामन्यांची झलक.)

2009 ला नॉरिस ट्रॉफी मिळाली. हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूला ती देतात. स्टिकची कमाल लांबी 63 इंच, पण त्याच्या उंचीमुळं 65 इंचांची मुभा होती. तिच्यातून 2012 ला कौशल्य स्पर्धेत मारलेला फटका ताशी 175 किलोमीटर निघाला.

सगळंच कौतुकाचं नाही. मार्च 2011 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅक्स पॅसिओरेटीला त्यानं भिंतीकडं दाबलं आणि त्याचं डोकं बाकाशेजारची काच धरून ठेवणाऱ्या खांबावर आपटलं. मानेचा मणका मोडला. लीगनं बंदी घातली नाही. पोलिसांनी चौकशी केली, खटला झाला नाही. हेतू नव्हता असं तो म्हणाला. तेही धरलं, तरी ती दृश्यं आज बघताना पोटात गोळा येतो.

त्याच वर्षी, 15 जून 2011 ला, व्हँकुव्हरला सातव्या सामन्यात हरवून ब्रुइन्सनं स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. बॉस्टनला तो 1972 नंतर पहिल्यांदाच मिळाला. वय 34. इतर बचावपटू या वयात गुडघे सांभाळत असतात.

2019 ला पुन्हा अंतिम फेरी, सेंट लुइसविरुद्ध. चौथ्या सामन्यात चकती तोंडावर बसली, जबडा मोडला. पाचव्या सामन्याला तो पूर्ण चेहरा झाकून बर्फावर हजर. बॉस्टननं तो सामना गमावला, पुढं कपही गमावला.

(दृश्य: वॉशिंग्टन आणि पुन्हा आयलंडर्सच्या जर्सीतील छायाचित्रं.)

बॉस्टननंतर एक हंगाम वॉशिंग्टनला आणि शेवटचा परत आयलंडर्सकडं. ज्यांनी त्याला देऊन टाकलं होतं त्यांच्याच अंगरख्यात, फेब्रुवारी 2022 मध्ये, त्यानं क्रिस चेलिओसचा 1651 सामन्यांचा विक्रम मागं टाकला. थांबला तेव्हा आकडा 1680. एनएचएलमध्ये कुठलाही बचावपटू एवढे सामने खेळलेला नाही. ब्रुइन्सचा खेळाडू म्हणूनच निवृत्त व्हावं यासाठी सप्टेंबर 2022 मध्ये त्यांच्याशी एका दिवसाचा करार केला. पुढच्या एप्रिलात बॉस्टन मॅरेथॉन 3 तास 38 मिनिटांत धावला.

2025 च्या नोव्हेंबरात त्याला हॉकी हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेतलं. 1996 च्या निवडीत त्याच्याआधी 55 पोरांची नावं पुकारली होती. त्यातलं एकही अजून तिथं पोचलेलं नाही.