एक चर्च, दोन तिजोऱ्या

[दृश्य: नॉरफोक, रॅनवर्थ. सेंट हेलेन चर्चची बाहेरची भिंत]

पूर्व इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये बांधकामाजोगा दगड जवळपास नाहीच. मिळते ती चकमकीची गारगोटी. रॅनवर्थचं हे चर्च, आसपासच्या बहुतेक चर्चांसारखंच, गारगोटी आणि चुन्यात उभं आहे. कोपऱ्यांना तेवढा बाहेरून आणलेला घडीव दगड. गोल गारगोट्यांना काटकोन साधत नाही.

गारगोटी पाणी पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल सुटते ती फक्त दरजांमधल्या चुन्यातून. हा चुना सावकाश धरतो, म्हणून हातभर भिंत चढवायची, थांबायचं, मग पुढचा थर. घाई केली की खालचं काम फुगतं. विसाव्या शतकात ठिकठिकाणी दरजा सिमेंटनं भरल्या गेल्या आणि ओलीची वाटच बंद झाली. थंडीत ती आत गोठते, फुगते आणि दर्शनी थर सुटू लागतो. उपाय किचकट आहे: सिमेंट छिन्नीनं, गारगोटी न फोडता काढायचं आणि पुन्हा चुनाच भरायचा.

[दृश्य: आतून, नेव्हकडून वेदीकडे]

अलीकडे नेव्ह, लोकांची जागा. पलीकडे चान्सेल, वेदीची. मध्ययुगात नेव्हची डागडुजी गावकऱ्यांकडे, चान्सेलची रेक्टरकडे, म्हणजे चर्चच्या उत्पन्नाच्या हक्कदाराकडे, कारण गावाच्या पिकाचा दहावा हिस्सा, दशांश, त्याला मिळे. इंग्लंडभर भव्य नेव्हला चिकटलेलं बेताचं चान्सेल दिसतं, त्यामागे बरेचदा हीच वाटणी असते.

[दृश्य: पडदी, जवळून]

नेव्ह आणि चान्सेलच्या हद्दीवर ही पंधराव्या शतकातली रंगवलेली लाकडी पडदी. मधल्या फळ्यांवर येशूचे बारा प्रेषित. बाजूला तलवार उगारलेला देवदूत मिखाएल, अंगावर पिसं, पायाशी ड्रॅगन. अशा पडद्यांची रीत ठरलेली: ओकची फळी, तिच्यावर खडू आणि सरसाचा लेप, मग तैलरंग, शेवटी सोन्याचा वर्ख. खरा शत्रू इथे हीटर. रविवारी एकदम तापवलं की लाकूड सुकून आकसतं, लेप आकसत नाही, आणि रंगाचे पोपडे निघतात. मंद, सतत ऊब परवडते. झटपट गरमी नाही.

अशा पडद्यांच्या वर पूर्वी लाकडी माळा, म्हणजे सज्जा असे आणि त्याच्या वर क्रुसावरचा येशू, शेजारी मारिया आणि योहान. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेत आधी मूर्ती गेल्या. 1561 च्या राजाज्ञेनं माळेही उतरवायला लावले, पण खालची पडदी ठेवायला सांगितली. म्हणून अनेक चर्चांच्या भिंतीत उंचावर माळ्यावर जाण्याचं एक दार दिसतं, जे आता कुठेच उघडत नाही.

[दृश्य: चान्सेलचं छप्पर]

चान्सेलच्या डागडुजीची रेक्टरची ती जबाबदारी पुढे त्याच्या जमिनीबरोबर खासगी मालकांकडे गेली. 2003 मध्ये वॉरिकशरच्या अॅस्टन कँटलो इथल्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं, तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, चान्सेलच्या दुरुस्तीचा भार अशाच जमीनमालकांवर कायम केला. त्यामुळे इंग्लंडच्या खेड्यात घर घेताना जमिनीवर असा बोजा आहे का, हे वकील आजही तपासतात. ऑक्टोबर 2013 नंतर मात्र नोंद नसलेला बोजा पैसे मोजून जमीन घेणाऱ्या नव्या मालकावर सहसा येत नाही.