सालीखालचे भुंगेरे

मध्य युरोपातील वठलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची साल ओढली की ती सहज सुटून येते आणि तिच्या आतल्या अंगावर एक उभा बोगदा व त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेल्या असंख्य आडव्या वाटा कोरलेल्या दिसतात. हे काम इप्स टायपोग्राफस या जेमतेम पाच मिलिमीटर लांबीच्या भुंगेऱ्याचे आहे.

सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या सुमारे सहा हजार जाती ज्ञात आहेत. त्यांना सोंड नसल्यामुळे दीर्घकाळ त्यांचे स्वतंत्र कुळ मानले जात असे. परंतु त्यांच्या बिनपायांच्या पांढऱ्या अळ्या आणि अलीकडची डीएनएची तुलना पाहता, धान्यातील सोंड्यांच्या नातलगांमध्ये, म्हणजे कर्क्युलिओनिडी या कुळातच स्कोलिटिनी हे उपकुळ म्हणून त्यांना जागा मिळाली आहे. हा निर्णय पटण्याजोगा आहे, कारण इतर सोंडे सोंडेने भोक पाडून अंडी घालतात, तर हे भुंगेरे अंडी घालण्यासाठी स्वतःच सालीत किंवा लाकडात शिरतात, म्हणजे त्यांना सोंडेची गरजच उरत नाही.

इप्समध्ये आधी नर येतो. तो सालीत एक लहानशी खोली कोरतो आणि गंधद्रव्ये सोडून दोन-तीन माद्यांना व इतर नरांनाही बोलावतो. झाड राळ सोडून प्रतिकार करते आणि त्या राळेत पहिले कित्येक भुंगेरे अडकून मरतात. मात्र त्याच राळेतील अल्फा-पायनीनपासून भुंगेऱ्याच्या शरीरात सिस-व्हर्बेनॉल हे बोलावण्याचे द्रव्य तयार होते, हे या लढ्यातील सर्वांत विलक्षण सत्य आहे. मादी उभा बोगदा कोरत त्याच्या कडांना एकेक अंडे ठेवते. प्रत्येक अळी आडवी पोखरत जाते, स्वतः वाढते तशी तिची वाट रुंदावते आणि वाटेच्या टोकाला ती कोषात जाते. त्यातच भुंगेऱ्यांबरोबर आलेली बुरशी लाकडात पसरून पाण्याचा प्रवाह अडवते.

निरोगी झाड थोड्या भुंगेऱ्यांना पुरून उरते, त्यामुळे एरवी हा कीटक वादळात पडलेल्या झाडांवरच गुजराण करतो. २०१८ पासूनच्या दुष्काळात मात्र तहानलेल्या स्प्रूसांना पुरेशी राळ सोडता आली नाही आणि जर्मनी व चेक प्रजासत्ताकातील विस्तीर्ण जंगले वठली. हा दोष एकट्या भुंगेऱ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. सखल, उष्ण भागांत माणसानेच केलेली एकसुरी स्प्रूस लागवडही तितकीच कारणीभूत आहे.

याच उपकुळातील काही गट सालीवर न थांबता थेट लाकडात शिरतात, तेथे सोबत आणलेल्या बुरशीची शेती करतात आणि तीच पिलांना खाऊ घालतात. महाराष्ट्रातील डाळिंब बागायतदारांना शॉट होल बोरर या नावाने परिचित असलेला भुंगेरा याच गटातला. खोडावर टाचणीएवढी छिद्रे आणि भुसा दिसू लागतो, तेव्हा आत वसाहत केव्हाच वसलेली असते. फलित अंड्यांतून माद्या, तर अफलित अंड्यांतून न उडणारे नर जन्मतात आणि बहीण-भावांचे मीलन बोगद्यातच होते. म्हणून बाहेर उडून जाणारी एकटी मादीसुद्धा नव्या झाडात वसाहत उभी करू शकते.