दोन सायलेन्सर, एक सिलिंडर

(लातुरात एका वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आमच्या वडिलांकडे येझदी होती. तिला दोन सायलेन्सर, दोन्ही बाजूंना एकेक. गल्लीतली पोरं, आणि त्यांत सगळ्यात मोठ्यानं मी, छातीठोकपणे सांगायचो की ही डबल इंजिनाची गाडी आहे. पुढं तंत्रनिकेतनात शिकायला गेलो. तिथं वर्कशॉपमध्ये तसलीच एक येझदी खोलून ठेवलेली होती. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढलं तर आत पिस्टन एकच. एका सिलिंडरच्या धुराला बाहेर पडायला दोन वाटा दिलेल्या, बस्स. वडिलांना हे मी कधी सांगितलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे, जुन्या वळणाची गाडी घ्यायला निघालेला माणूस आजही सायलेन्सरच मोजतो. गोल हेडलाइट, थेंबासारखी टाकी, क्रोम, सपाट सीट. दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी. त्यांत एक सिलिंडरवाल्या कुठल्या आणि दोनवाल्या कुठल्या, हे बऱ्याच जणांना शोरूममध्ये गेल्यावर कळतं. बीएसए गोल्ड स्टार ६५२ सीसीची आहे, पण सिलिंडर एकच. ट्रायम्फची स्पीड ४०० आपल्या चाकणला बनते, तीही एकाच सिलिंडरची. वाईट नव्हेत या गाड्या. पण आजचा विषय जुळ्या सिलिंडरचा आहे, म्हणून त्यांना इथंच राम राम.

खऱ्या जुळ्या सिलिंडरची गाडी आपल्याकडं नवी नाही. १९८३ साली एस्कॉर्ट्सनं यामाहाची आरडी ३५० राजदूत नावानं आणली. ३४७ सीसी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर. पळायची वाऱ्यासारखी आणि प्यायची म्हशीसारखी, त्यामुळं कौतुक फार आणि गिऱ्हाईक थोडं. फोर-स्ट्रोक जुळं इंजिन मध्यमवर्गाच्या आवाक्यात आलं ते २०१८च्या नोव्हेंबरात, रॉयल एन्फिल्डच्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटीबरोबर. इंटरसेप्टरची सुरुवातीची किंमत अडीच लाख होती, शोरूमची. आज ती तीन लाखांच्या पुढं गेलीय. त्याच ६४८ सीसीच्या इंजिनावर पुढं सुपर मिटिओर, शॉटगन, बेअर आणि २०२५मध्ये क्लासिक ६५० आली. दुसऱ्या बाजूला ट्रायम्फची बॉनव्हिल घराणी: टी१००, स्पीड ट्विन ९००, टी१२०. या दोन घरांमध्येच आपल्या भागातला माणूस घुटमळतो. कावासाकीची डब्ल्यू८०० किंवा मोटो गुझी मनात भरते, पण बीडहून वा हिंगोलीहून तिच्या सर्व्हिसिंगला जायचं कुठं, या प्रश्नावर गाडी अडते.

मुळात दोन सिलिंडर कशासाठी? १९३७ साली एडवर्ड टर्नर या इंजिनिअरनं ट्रायम्फसाठी स्पीड ट्विन काढली, पाचशे सीसीची. एका मोठ्या पिस्टनऐवजी दोन छोटे शेजारी-शेजारी. छोटा पिस्टन हलका, म्हणून इंजिन जास्त फिरतं. पुढची तीस वर्षं इंग्लंडातल्या जवळजवळ प्रत्येक कंपनीनं त्याचीच री ओढली.

पण दोन पिस्टन शेजारी बसवले म्हणजे काम झालं असं नाही. ते एकमेकांशी कसे हलतात यावर सगळा खेळ आहे, आणि हा भाग मला जरा सावकाश सांगायचाय.

उखळावर दोघीजणी कांडताना तुमच्यातल्या जाणत्यांनी पाहिलं असेल. उखळ एक, मुसळं दोन. समजा दोघींनी मुसळं एकदम उचलली आणि एकदमच टाकली. घरात असं कुणी करत नाही, मुसळं एकमेकांवर आदळतील. पण जुन्या इंग्लिश इंजिनात नेमकं हेच चालायचं. दोन्ही पिस्टन बरोबर वर, बरोबर खाली. फोर-स्ट्रोकमध्ये एका सिलिंडरला दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी लागते, म्हणून ठिणगी मात्र या फेरीला एकात, पुढच्या फेरीला दुसऱ्यात. पिस्टनच्या वर-खाली होण्यानं जो दांडा गोल फिरतो तो क्रँक, आणि या रीतीला ३६० अंशांचा क्रँक म्हणतात. ठोका एकसारखा पडतो, ऐकायला गोड. पण दोन्ही वजनं एकदमच वर-खाली होतात, त्यामुळं हादरा एका सिलिंडरच्या गाडीसारखाच. डब्ल्यू८००नं ही पद्धत मुद्दाम जपलीय.

दुसरी रीत आपल्या घरातली: एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. १८० अंश. वजनाला वजन बरंचसं तोललं जातं. पण फोर-स्ट्रोकमध्ये ठिणग्या लागोपाठ दोन पडतात आणि मग लांब विसावा.

तिसरी रीत आता एन्फिल्ड ६५० आणि आजची बॉनव्हिल दोघींमध्येही आहे: २७० अंश. एक पिस्टन टोकाला असतो तेव्हा दुसरा मधोमध. गंमत अशी की पिस्टन वरच्या किंवा खालच्या टोकाला क्षणभर थांबतो आणि मग परत फिरतो. आधीच्या दोन्ही रीतींत दोघं एकाच क्षणी थांबतात. त्यांना थांबवायला आणि पुन्हा पळवायला क्रँक दर अर्ध्या फेरीला मागं-पुढं ओढला जातो. २७०मध्ये एक थांबलेला असतो तेव्हा दुसरा भर वेगात असतो, त्यामुळं ही ओढाताण मिटते आणि मूठ पिळली की मागच्या चाकाला जे पोचतं ते स्वच्छ पोचतं. उरलेला हादरा बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे तोल साधायला उलटं वजन फिरवणारा दांडा, खातो.

आवाजही यातूनच येतो. ठिणग्यांमधलं अंतर २७० आणि ४५० अंश, म्हणजे तीनास पाच. तीन मोजा आणि ठोका द्या, पाच मोजा आणि ठोका द्या, परत तीन. (इथं वक्त्यांनी टेबलावर ताल धरून दाखवला.) हा लंगडा ताल म्हणजेच तुम्हाला आवडणारा तो आवाज. शोरूममधला पोरगा सायलेन्सरला हात लावून ‘साउंड बघा सर’ म्हणतो, तेव्हा त्याला क्रँक विचारा. सांगितलं तर पोरगा कामाचा आहे.

आता तुलनेकडं वळू. ब्रोशरवर पहिला आकडा ताकदीचा असतो. एन्फिल्डच्या इंजिनाला ४७ पीएस, टी१००ला ६५ पीएस. लोक हे दोन आकडे शेजारी मांडतात आणि निकाल देऊन मोकळे होतात. पण ती ताकद कुठं मिळते? दोन्हीकडं सात हजार आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या सात हजार फेऱ्यांच्या, पुढं. लातूर-नांदेड रस्त्यावर सात हजाराला तुम्ही किती वेळ जाणार? आपली गाडी चालते साठ ते नव्वदच्या वेगानं, आणि वरच्या गिअरला तेव्हा इंजिन चार हजारांच्या आत असतं. बरं, आपल्याकडचा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे समृद्धी, ७०१ किलोमीटरचा, जालना आणि संभाजीनगरला लागून गेलेला. तिथं दुचाकीला मनाईच आहे.

म्हणून माझं सांगणं एवढंच: तुलना चार हजारांच्या खाली करा. तिथं टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, बघायचा, आणि तो कितीला मिळतो तेही. टी१०० ८० न्यूटन-मीटर देते ३,७५० आरपीएमला. इंटरसेप्टर ५२ देते, पण त्यासाठी पाच हजारांच्या पुढं जावं लागतं. अर्थात कंपनी म्हणते की त्यातला ऐंशी टक्के अडीच हजारापासूनच हाताशी असतो, आणि माझ्या हाताला ते पटलंय. टी१००ला पाचच गिअर आहेत, इंटरसेप्टरला सहा. ज्याच्याकडं खालीच जोर आहे त्याला पायऱ्या कमी लागतात. तुळजापूरच्या घाटात मागं माणूस बसवून, पुढं एसटी असताना, गिअर न बदलता गाडी उचलते का? या प्रश्नाला टी१००चं उत्तर जास्त चांगलं आहे, हे मी एन्फिल्डवाला असूनही कबूल करतो. त्या कबुलीची किंमत मात्र तिपटीच्या आसपास पडते.

वजनाकडं लोक चुकीच्या ठिकाणी बघतात. इंटरसेप्टर २१८ किलो, टी१०० २२८, क्लासिक ६५० तर २४३. पळताना हे वजन तुमच्या बाजूनं असतं, खाली रुतून बसल्यासारखी गाडी जाते. ते कळतं उभ्या गाडीला. औशाला आमच्या मामांचं घर उतरत्या गल्लीत आहे. गाडी नाक खाली करून लावली होती. निघताना चढावर उलटी ढकलायची वेळ आली. खाली फरशी, फरशीवर नुकतंच सांडलेलं पाणी, पायात चप्पल. मी हँडल धरून मागं रेटतोय आणि गाडी इंचभर मागं येऊन दोन इंच पुढं जातेय. मामा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, “भाचेबुवा, गाडी घेतलास का म्हैस?” शेवटी मामेभाऊ पुढून मडगार्डला धरून ढकलायला आला तेव्हा सुटका झाली. तेव्हा टेस्ट राइडला गेलात की आधी गाडी बंद करून, एकट्यानं, उलटी ढकलून बघा. शोरूमवाले हसतील, हसू द्या.

मग ऊन. टेस्ट राइड लोक सकाळी दहाला घेतात. आपल्याकडं मे महिन्यात दुपारी दोनला घ्यावी. एन्फिल्डचं इंजिन हवेवर आणि तेलावर थंड होतं, ट्रायम्फचं पाण्यावर. पाण्याचं इंजिन स्वतः शांत राहतं, पण गर्दीत पंखा सुरू झाला की ती गरम हवा नडग्यांवर येते. हवेचं इंजिन चालत्या गाडीला छान. उभं राहिलं की तापतं. गाळपाच्या दिवसांत कारखान्याच्या काट्यापुढं ट्रॅक्टरची रांग लागते, तिथं अर्धा तास गाडी रांगती ठेवा, मग मांडीला कळेल.

ऊस निघालाच आहे तर हेडलाइटचंही सांगतो. नोव्हेंबर ते मार्च रात्री आपल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेले. त्या काळ्या ढिगाऱ्याच्या अलीकडं थांबता येतं का, ही खरी तुलना. इंटरसेप्टरला २०२३मध्ये एलईडी हेडलाइट आला. सेकंडहँड घेत असाल तर त्याच्या आधीची गाडी रात्री चालवून बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. जुनं रूप दिवसा छान दिसतं.

चाकांवर माझं मत ठाम आहे. आऱ्यांची चाकं जुन्या गाडीला शोभतात, मान्य. पण प्रत्येक आरा रिमला भोक पाडून जातो, तिथून हवा टिकत नाही, म्हणून आत ट्यूब घालावी लागते. माझी आधीची गाडी तशी होती. रेणापूरच्या अलीकडं बाभळीचा काटा मागच्या चाकात गेला. ट्यूबलेस असती तर काटा काढून दोरी भरली, पाच मिनिटांत मोकळा. इथं चाक उतरवायचं. पंक्चरवाल्याकडं एक्सलच्या मापाचा पाना नव्हता; तो आणायला पोरगा सायकलवर फाट्यावर गेला. तोवर गाडी खाली दगड लावून एका बाजूला तोललेली, आणि मी तिला धरून उभा. दोन तास. मिसेस लिंबाखाली बसून माहेरी फोनवर सगळं सविस्तर सांगत होत्या. टी१०० आणि क्लासिक ६५० आऱ्यांच्या चाकांवर येतात, स्पीड ट्विन ९०० अलॉयवर, म्हणजे आऱ्यांशिवायच्या ओतीव चाकांवर. इंटरसेप्टरच्या काही रंगांत २०२३पासून अलॉय आणि ट्यूबलेस मिळतात. बाभळीच्या मुलखात रंग कुठला घ्यायचा ते चाक बघून ठरवा.

पैशाचं थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर ४० टक्के जीएसटी आहे, आधी सेससकट ३१ होता. ३५०पर्यंत मात्र २८चा १८ झाला. म्हणजे करापूर्वी अडीच लाखांच्या गाडीवर एक लाख कर. तृतीय पक्ष विम्यातही ३५०ची रेघ आहे: २०२२च्या दरांप्रमाणे खाली (१५० ते ३५० सीसी) वर्षाला १,३६६ रुपये, वर २,८०४, आणि नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. हे सगळं ऑन रोडच्या आकड्यात येतं. येत नाही ते सर्व्हिस सेंटरचं अंतर. एकदा एका साध्या केबलसाठी माझी गाडी सतरा दिवस उभी होती. गाडीत दोष नव्हता, केबल दुसऱ्या राज्यात होती. तेव्हा भाव करण्याआधी सुटे भाग विचारा: क्लच केबल, ब्रेक पॅड, आरसा. हे तीन आज काउंटरवर दाखवा म्हणा.

प्रश्नोत्तरांत एका मुलीनं विचारलं की, उंची कमी असेल तर यातली कुठली? सीट इंटरसेप्टरची ८०४ मिलिमीटर, टी१००ची ७९०. पण नुसता आकडा बघू नका, सीटची रुंदी बघा. रुंद सीटवर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतात. रोजचे बूट घालून बसा, दोन्ही चवडे टेकले तरी चालतं. कॉन्टिनेन्टल जीटीचं हँडल खाली आहे, मनगटावर भार येतो. तासाभरानं मनगटं बोलायला लागतात.

शेवटी मागच्या रांगेतून एक काका उठले. “सर, ते क्रँक-बिंक समजलं. पण किती देती ते सांगा की.”

माझी इंटरसेप्टर एकट्याला पंचवीसच्या आसपास. टाकी १३.७ लिटरची, मी तीनशे किलोमीटरला भरून घेतो. मिसेस मागं आणि तुरीच्या डाळीचं पोतं मध्ये असलं, तर बावीस.