पिवळ्या खोलीत खून करायला कुणी शिरलं कधी?

मंडळी, फ्रेंच लेखक गास्ताँ लरूची 'पिवळ्या खोलीचं रहस्य' ही कादंबरी १९०७ साली 'लिल्युस्त्रासियाँ' साप्ताहिकात क्रमशः आली आणि पुढच्या वर्षी पुस्तकरूपानं निघाली. तिच्यावर बोलायचं तर उकल सांगावीच लागेल. ज्यांनी वाचलेली नाही, त्यांची आधीच माफी मागतो.

ऑक्टोबर १८९२. ग्लांदिये नावाच्या गढीच्या बागेतली स्वतंत्र इमारत. कादंबरीची नायिका माथिल्द मध्यरात्री आपल्या खोलीत जाते, आतून किल्ली फिरवते, बोल्ट लावते. दाराबाहेर प्रयोगशाळेत तिचे वडील आणि म्हातारा नोकर जाक. खिडकी एकच, तिला लोखंडी गज. साडेबाराला किंकाळी, पिस्तुलाचा बार. दार फोडतात, तर माथिल्द रक्तबंबाळ आणि हल्लेखोर गायब. बंद खोलीचंच कोडं असलेल्या एडगर ॲलन पोच्या कथेत खिडकी होती, कॉनन डॉयलच्या कथेत झरोका होता. लरूनं या दोन्ही वाटा बुजवल्या.

सगळे विचारत राहतात, तो बाहेर कसा पडला? अठरा वर्षांचा बातमीदार रुलताबी वेगळं विचारतो: तो आत कधी होता? हल्ला संध्याकाळीच झालेला असतो. भिंतीतली गोळी आणि रक्ताळलेल्या पंजाचा ठसा तेव्हाचा. माथिल्द गळ्यावरचे वळ कॉलरखाली झाकते आणि भूतकाळ उघड होऊ नये म्हणून गप्प राहते. रात्री दुःस्वप्नातून दचकून उठते, पिस्तूल झाडते, ती गोळी छतात जाते, आणि ती स्वतः पलंगाशेजारच्या टेबलाच्या संगमरवरी कोपऱ्यावर पडते. रात्री खोलीत कुणीच नव्हतं!

यातली सगळ्यात सुंदर जागा मला वाटते ती केसांची. कानशिलावरची जखमही संध्याकाळचीच असेल, तर ती कानशिलांवर उतरवलेल्या केसांच्या पट्ट्यांखाली दडलेली हवी. रुलताबी आधी तसंच धरून चालतो. मग कळतं, त्या संध्याकाळी केस वर बांधलेले होते, कपाळ मोकळं होतं. म्हणजे जखम रात्रीची. एका केशरचनेनं एका घटनेच्या दोन घटना होतात.

आता सिनेमा. ब्रुनो पोदालिदेसचा २००३चा चित्रपट. रुलताबी झालाय त्याचा भाऊ देनी, माथिल्द साबिन आझेमा, पोलीस अधिकारी लार्सान म्हणजे पिएर आर्दिती. कागदावर लरूला मोठी सोय होती. निवेदक सँक्लेर त्या रात्री तिथं नव्हता. आपल्याला मिळतात त्या बातम्या आणि जबान्या, आणि जबानीतला माणूस जे ऐकलं त्यालाच घडलं म्हणतो. कॅमेऱ्याला हा आडोसा नाही. संध्याकाळची माथिल्द दाखवायची तर कॉलर आणि कपाळ, दोन्ही प्रामाणिकपणे दाखवावं लागतं. नाही दाखवलं, तर शेवटी प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं.

गढीतल्या लांब मार्गिकेचा प्रसंग त्याहून कठीण. परत आलेल्या हल्लेखोराला पकडायला चौघं वेगवेगळ्या टोकांनी धावत येतात, वळणावर एकमेकांवर आदळतात, आणि मधला माणूस नाहीसा. कारण पाठलाग करणाऱ्यांतलाच एक तो आहे. पुस्तकात नकाशा छापलाय. वाचताना तिथं बोट ठेवून बसा. पडद्यावर ती जागा प्रेक्षकाच्या डोक्यात आधीच बसवावी लागते, नाहीतर चकवा लागतच नाही.

देनीची निवड मात्र मला पटत नाही. त्याचा जन्म १९६३चा, आझेमाचा १९४९चा. पुढच्या कादंबरीत माथिल्द रुलताबीची आई निघते, आणि २००५ साली याच मंडळींनी तीही पडद्यावर आणली. चौदा वर्षांच्या अंतरात आई-मुलगा बसवताना प्रेक्षकाला फार मोठं मन करावं लागतं.