नाव घेता येत नाही, म्हणून आकडा

३५ मे.

ही तारीख चीनमधल्या लोकांनी इंटरनेटवर लिहिली होती. मे महिना ३१ दिवसांचा, त्यापुढे आणखी चार दिवस मोजा. ४ जून येते. १९८९ साली ३ जूनच्या रात्री आणि ४ जूनच्या पहाटे बीजिंगमध्ये तिआनमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं लोकशाहीसाठीचं आंदोलन मोडताना लष्करानं लोकांवर गोळ्या झाडल्या, तोच हा दिवस. चिनी लोक त्याला नुसतं 'सहा-चार' म्हणतात. सहावा महिना, चौथा दिवस. हे आकडे इंटरनेटवरून गाळले जाऊ लागले, म्हणून ३५ मे आली. तिच्यावरही नजर गेली. मग कुणी आठाचा वर्ग लिहिला, कारण आठ आठे चौसष्ट.

४ जून २०१२ ला शांघाय शेअर बाजाराचा निर्देशांक ६४.८९ अंकांनी घसरला. निव्वळ योगायोग. पण हा आकडा ४ जून ८९ असाही वाचता येतो! वेइबो या चीनमधल्या ट्विटरसारख्या समाजमाध्यमावर त्या दिवशी निर्देशांकाबद्दलचे शोधसुद्धा अडवले गेले.

नमस्कार. आज मला बोलायचंय ते अशा घटनांच्या नावांबद्दल. कारण १९८९ चं भांडणच मुळात एका शब्दावरून पेटलं होतं.

२६ एप्रिलला 'पीपल्स डेली' या सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या मुखपत्रात अग्रलेख आला. विद्यार्थ्यांच्या आंदोलनाला त्यात 'दोंगलुआन' म्हटलं होतं, म्हणजे अराजक. आम्ही देशासाठी बोलतोय आणि तुम्ही आम्हाला अराजक माजवणारे ठरवता? दुसऱ्याच दिवशी प्रचंड मोर्चा निघाला. मे महिन्यात विद्यार्थी उपोषणाला बसले, तेव्हाही हा शिक्का पुसा, ही त्यांची एक मुख्य मागणी होती. सरकारनं तो पुसला नाही. गोळीबारानंतर शब्द आणखी जड झाला: 'प्रतिक्रांतिवादी दंगल'. पुढे काही वर्षांनी तो सौम्य होत 'राजकीय वादळ' झाला. मेलेल्यांची नावं मात्र सरकारनं जाहीर केली नाहीत. ती त्यांच्या आयांनी जमवली, पाळत आणि नजरकैद सोसून, एकेक करून. दोनशेच्या वर गेली ती यादी. मला या सगळ्यात सर्वात मोठं काम तेच वाटतं.

आता तैवान. तिथेही आकडाच: 'दोन-दोन-आठ'. २७ फेब्रुवारी १९४७ च्या संध्याकाळी तैपेईत चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका विधवेला सरकारी माणसांनी मारहाण केली, एक बघ्या गोळी लागून मेला, आणि २८ तारखेला शहर उसळलं. पुढच्या दडपशाहीत १८ ते २८ हजार माणसं गेली, असा अंदाज सरकारनंच नेमलेल्या अभ्यासगटानं १९९२ मध्ये दिला. त्याआधी १९८७ पर्यंत ३८ वर्षं लष्करी कायदा होता आणि हा विषय घरातही दबक्या आवाजात निघायचा. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली. आज २८ फेब्रुवारीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

दक्षिण कोरियातलं ग्वांगजू, मे १९८०. तिथे लष्करी राजवटीविरुद्ध रस्त्यावर उतरलेले लोक राजवटीच्या लेखी दंगलखोर होते. आज अधिकृत नाव आहे '१८ मे लोकशाही चळवळ', आणि शहरातून शहिदांच्या दफनभूमीकडे जाणाऱ्या बसचा क्रमांक आहे ५१८.

हे फक्त हुकूमशाहीतच होतं असंही नाही. १९५४ ते १९६२ अल्जीरियात फ्रान्स लढला आणि त्याला 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई' म्हणत राहिला. 'युद्ध' हा शब्द फ्रेंच कायद्यात यायला १९९९ उजाडलं.

मग सहा-चारचं काय? चीनच्या हद्दीत हा दिवस मोठ्या संख्येनं, उघडपणे पाळला जायचा तो हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये. १९९० पासून दरवर्षी तिथे हजारो मेणबत्त्या लागायच्या. २०२० मध्ये साथीचं कारण देऊन परवानगी नाकारली गेली. २०२३ च्या ४ जूनला त्याच मैदानावर बीजिंगला मानणाऱ्या संघटनांनी खाद्यपदार्थांची जत्रा भरवली होती, आणि बाहेर रस्त्यावर पोलीस लोकांच्या पिशव्या तपासत होते.