वेचणी सोडून गोव्याला

नमस्कार श्रोतेहो.

सध्या कपाशीच्या पऱ्हाटीला पात्या, म्हणजे कळ्या, धरल्यात, डवरणी आटोपलीय, आणि पाऊस असा लागून राहिलाय की शेतात पाय घालायची सोय नाही. अशा रिकाम्या दिवसांत आमच्या गावात पारावर दोन कामं चालतात. एका कोपऱ्यात पत्ते, आणि दुसऱ्या कोपऱ्यात मी आणि माझे दोन सोबती, नोव्हेंबरातल्या गोव्याचा बेत करत. गोवा म्हटल्याबरोबर तुम्ही आता जसे हसलात ना, तसंच सगळं गाव हसतं. समुद्र आम्हीही बघतो, नाही असं नाही. पण लांबूनच, आणि तेही पुढचा सिनेमा चुकतो की काय या धास्तीत.

आम्ही जातो ते इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला. गेली काही वर्षं तो २० ते २८ नोव्हेंबर असा पणजीत भरतो. गोव्यात तो २००४ पासून आहे. त्याआधी त्याचं गाव बदलत असे. पहिला महोत्सव जानेवारी १९५२ मध्ये मुंबईला झाला आणि तिथून पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्ता असा फिरला. त्या वर्षी आलेले इटलीचे सिनेमे पाहून बिमल रॉय असे काही झपाटले की पुढच्याच वर्षी त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून शहरात जाऊन रिक्षा ओढणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट. १९५४ साली फ्रान्समधल्या कानच्या महोत्सवात त्याला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. कास्तकाराचा आणि फिल्म फेस्टिवलचा काय संबंध, असं कोणी विचारलं की मी हे सांगतो. बहुतेक वेळा समोरचा गप्प बसतो.

माझे वडील मात्र गप्प बसले नाहीत. २०२२ साली पहिल्यांदा निघालो तेव्हा म्हणाले, "सिनेमा पाहाले गोव्याले? काहून, पुलगावले टाकीज नाही का?" बायकोचा प्रश्न जास्त अवघड होता. "तुम्ही गोव्याले जाता, अन् वेचणी कोण पाहीन?"

खरी अडचण तीच आहे. इफ्फीच्या तारखा काढणाऱ्यानं वऱ्हाडातलं कापसाचं शेत पाहिलेलं नाही. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची पूजा, होऊन पहिली वेचणी झालेली असते, दुसरी ऐन भरात असते, वेचायला बाया मिळत नाहीत, आणि हरभऱ्याला ओलीत करायचं तर विजेची लाईन रात्रीची. म्हणून आमचा बेत सिनेमांच्या यादीपासून सुरू होत नाही, बायांच्या टोळीपासून सुरू होतो. दिवाळी संपली की मी टोळीच्या मुकादमबाईकडे जातो, आगाऊ पैसे देतो आणि १५ तारखेच्या आत माझं वावर वेचून घेतो. ओलिताच्या रात्री चुलतभावाच्या गळ्यात. त्याच्या बदल्यात जानेवारीत मी त्याच्या गव्हाची जागल करतो. रानडुकरांच्या मागे रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला रात्री दहाचा सिनेमा जड जात नाही, हा त्यातला फायदा.

कोणी म्हणेल, मग दुसरा महोत्सव बघा. बघितले. कानचा मे महिन्यात असतो, शेत रिकामं असतं, पण तो मुळात सिनेमाच्या धंद्यातल्या लोकांचा. तिथं ओळखपत्र मंजूर व्हावं लागतं. बर्लिनचा फेब्रुवारीत असतो. तिथं सामान्य माणसाला तिकीट मिळतं, पण विमान आणि व्हिसाचा हिशोब केला की बैलजोडी विकावी लागेल. तिरुवनंतपुरमचा डिसेंबरात आणि पुण्याचा जानेवारीत. पुण्याला एकदा जाऊन आलो, चांगला आहे. पण नदीच्या काठानं चालत एका सिनेमाहून दुसऱ्या सिनेमाला जाता येतं ते पणजीतच.

आता पासाचं सांगतो, कारण बरेच जण तिथेच फसतात. तिथं खिडकीवर जाऊन तिकीट घेऊ म्हटलं तर मिळत नाही. महोत्सवातल्या सिनेमांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट असते, म्हणून ते नोंदणी केलेल्या प्रतिनिधींनाच दाखवतात. वय १८ च्या वर पाहिजे. नोंदणी आधीच ऑनलाइन करायची, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं, मग मंजुरीचा मेल येतो. मी पहिल्या वर्षी १,१८० रुपये भरले होते, जीएसटी धरून. विद्यार्थ्यांना तेव्हा फुकट होतं. फॉर्म भरायला तालुक्याच्या सेतू केंद्रात गेलो. तिथला पोरगा पीक विमा, ई-केवायसी यातच बुडालेला. त्यानं दोनदा विचारलं, "काका, योजना कोणती?" मी म्हटलं, योजना नाही, सिनेमा आहे. गटाच्या रकान्यात व्यावसायिक, रसिक, विद्यार्थी असे पर्याय होते. शेतकरी नव्हता. त्यानं रसिकावर टिचकी मारली आणि म्हणाला, "पहिला फॉर्म पाहिला बुवा, ज्याले सातबारा लागत नाही."

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते. म्हणजे १८ नोव्हेंबरला निघायचं तर सप्टेंबरच्या १९-२० तारखेला जागं राहायचं. ते दिवस नेमके पितृपक्षाच्या आसपास येतात आणि वडिलांना तेव्हा काही नवं केलेलं खपत नाही. मी त्यांना सांगतो की प्रवास नोव्हेंबरात आहे, आता नुसते पैसे देतोय. नागपूरहून वर्धा, बडनेऱ्यावरून मडगावला जाणारी विशेष गाडी मिळाली तर उत्तम. नाही तर सेवाग्राम एक्स्प्रेसनं वर्ध्याहून मुंबई, दिवस फलाटावर काढायचा आणि रात्रीची कोकणकन्या धरायची. एक ध्यानात ठेवा, मडगावचं तिकीट काढू नका. थिवी किंवा करमळीला उतरा. करमळीहून पणजी दहा-बारा किलोमीटर आहे, मडगावहून तिपटीच्या जवळपास.

राहायच्या बाबतीत मी पहिल्या वर्षी माती खाल्ली. फोटो पाहून कळंगुटला खोली घेतली, किनाऱ्याजवळ, स्वस्त वाटली. कळंगुट पणजीपासून पंधरा किलोमीटर. रात्रीचा सिनेमा सुटला की बस नाही, आणि टॅक्सीवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी त्याला विचारलं, "एकट्याचे सांगताय की गाडी विकत देताय?" तो हसला, पण आकडा तोच राहिला. दोन रात्री रडतखडत काढल्या. तिसऱ्या दिवशी नदीपलीकडे बेतीत एका घराच्या मागच्या खोलीत हललो. पणजी ते बेती फेरीबोट आहे, पायी चालणाऱ्याला पैसे लागत नाहीत. तेव्हापासून आम्ही तिघं एका खोलीत असतो. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीचं पीठ घरून नेतो, घरमालकीणबाई भाकरी करू देतात. मागच्या खेपेला माणशी सगळा मिळून दहा हजाराच्या आसपास खर्च आला. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे सव्वा क्विंटल कापूस. अर्थात हमीभाव मिळाला तर. तो वेगळ्या भाषणाचा विषय आहे.

एवढं सगळं जमलं की मग सिनेमे निवडायचे, आणि खरा घाम तिथं निघतो. महोत्सवात दोनशेच्या आसपास, कधी त्याहून जास्त सिनेमे असतात. स्पर्धेत १५, त्यातल्या एकाला सुवर्ण मयूर, म्हणजे सर्वोत्तम सिनेमाचा मान. भारतीय पॅनोरमात, म्हणजे आपल्या देशातल्या निवडक सिनेमांच्या विभागात, २५ कथापट आणि २० कथाबाह्य. बाकी जगभरचे. आम्ही सहा दिवस राहतो. दिवसाला चार धरले तरी चोवीस होतात, म्हणजे दहातले नऊ सुटणारच. पहिल्या वर्षी मला हे पटत नव्हतं. दिवसाला पाच पाहिले. शेवटच्या दोन दिवसांत कोणत्या सिनेमातला बाप मेला आणि कोणत्यातला परत आला, याचा घोळ झाला. एका सिनेमात तर मी घोरलो. शेजारच्या बाईंनी कोपर मारून उठवलं.

घरी आल्यावर बायकोनं यादी पाहिली आणि म्हणाली, "असं कोणी वेचते का?" तिच्या बोलण्यात तथ्य होतं. वेचणारी बाई सकाळी दव उतरू देते, ओला कापूस ओटीत घेत नाही. पूर्ण फुटलेलं बोंड वेचते, अर्धं उमललेलं पुढच्या वेचणीला ठेवते, आणि कवडी, म्हणजे किडका-खराब कापूस, वेगळी काढते. आम्ही आता तसंच करतो. जो सिनेमा पुढे-मागे थिएटरात किंवा मोबाईलवर येणारच आहे, तो अर्धं बोंड. त्यासाठी गोव्यात रांग लावायची नाही. उद्‌घाटनाचा सोहळा, नटनट्यांचे गालिचे, याला कवडी म्हटलं तर कोणी रागावेल, पण आम्ही त्यात वेळ घालवत नाही. ज्या देशाचं नाव नकाशात शोधावं लागतं, तिथला सिनेमा आधी वेचायचा. तो परत आपल्या वाट्याला येईल याची काही खात्री नाही.

वेळापत्रक आलं की मी ते वहीत उतरवून घेतो, फोनवर भरवसा ठेवत नाही. महोत्सवाच्या थिएटरांपैकी आयनॉक्स आणि माकिनेज पॅलेस शेजारी शेजारी आहेत, कला अकादमी मांडवीच्या काठानं थोडं पुढे. या तिन्हींत चालत जमतं. पर्वरीचं थिएटर नदीपलीकडे आहे, तिथं जायचं तर पुढे-मागे तास-दीड तास मोकळा ठेवा. तिकीट आदल्या दिवशी ऑनलाइन धरावं लागतं, फुकट असतं, पण लोकप्रिय सिनेमांची चुटकीसरशी संपतात. न मिळालं तर हिरमुसू नका. बिनतिकीट असलेल्यांची वेगळी रांग असते, जागा उरल्या की आत सोडतात. त्या रांगेत तास-तास उभं राहताना मला जी माणसं भेटली, ती कोणत्या सिनेमात भेटली नाहीत. केरळचा एक रिक्षावाला दरवर्षी सुट्टी काढून येतो. त्याची वही माझ्या वहीपेक्षा नीट होती.

इंग्रजीची भीती बाळगू नका. माझं इंग्रजी बारावीपर्यंतचं, तेही जेमतेम. पडद्याखालच्या ओळी पहिल्या दिवशी अर्ध्या वाचून होत नाहीत तोच पुसल्या जातात, डोकं दुखतं. तिसऱ्या दिवशी डोळ्याला सवय होते. फक्त मधल्या रांगांत मागे बसा. पुढे उंच माणूस आला की खालची ओळ त्याच्या डोक्याआड जाते, आणि नायिका रडते आहे ती का, हे कळत नाही.

आणि काही जागी ओळी लागतच नाहीत. गेल्या खेपेला एक सिनेमा पाहिला, डोंगराळ मुलखातला. त्यात एक म्हातारा विहिरीवरची मोटर चालू करतो. मोटर आवाज देते, पाणी येत नाही. म्हातारा बंद करतो, पाईपला दोन थापा देतो, परत चालू करतो. संवाद नाही, संगीत नाही, चांगली पाच मिनिटं हेच. थिएटरात शांतता. पुढच्या रांगेतल्या दोन तरुण मुली एकमेकींकडे बघत होत्या, याचा अर्थ काय म्हणून. मला पहिल्याच आवाजाला कळलं होतं, मोटरनं हवा धरलीय. तो थापा पाईपच्या वरच्या अंगाला मारत होता, आणि दोष खाली होता, पाण्यातल्या झडपेत. मला हसू फुटलं. सगळ्या थिएटरात मी एकटा हसलो, आणि त्या दोघींनी वळून माझ्याकडे पाहिलं.

घरी आलो तेव्हा वडील अंगणात खाटेवर बसले होते. काय पाहिलं म्हणाले. मी तो म्हातारा सांगितला, पाईप, थापा, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"मंग? चढलं का पाणी?"

"नाही. तिथंच सिनेमा संपला."

ते जरा वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "फुटव्हॉल पाहाले पाह्यजे होता त्यानं."